विश्वात म्हणजे कुठवर

ड्रोनची परवानगी नव्हती, म्हणून ड्रोन उडवला नाही.
इकडं छावणी, तिकडं सांबऱ्याचा विमानतळ.
देसूरकर साहेबांना कारखाना वरून दिसायला हवा होता,
मी शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चढून काढला.
संगीताची पावती फाईलला लावलेली आहे.
मागं दिसणारी दुसऱ्या कंपनीची पाटी
धूसर केली.
इतका मी नेकीचा.

मग दोन मिनिटं चौदा सेकंदांवर
भरमा मुचंडी हसतो.

डोक्यावर पिवळं हेल्मेट, कोरं,
किमतीचा स्टिकर कानामागं तसाच.
बावीस हेल्मेटं त्या सकाळी टेम्पोतून आली होती,
चार वाजता परत खोक्यात गेली.
मोजून घेताना एकवीस भरली,
तर बाविसावं मीच शोधून दिलं
वाळूच्या ढिगामागनं.

सहीच्या वेळी भरमानं विचारलं होतं,
काय लिवलंय ओ ह्याच्यात?
फिल्ममध्ये आवाज कानडीत, हिंदीत, इंग्रजीत.
कागद फक्त इंग्रजीत.
भट्टी तापलेली, उजेड उतरणीला लागलेला.
मी म्हणालो, काय नाही, फोटोचं आहे.
त्यानं देवनागरीत सही केली,
‘भरमा’मधला भ
शाळेत शिकवल्यासारखा, गाठ नीट घालून.

दोन वर्षांनी हुक्केरी मॅडमचा फोन.
प्रदर्शनासाठी तीस सेकंदांचं करून द्या,
सुरुवात त्या हसऱ्या माणसापासून,
खाली अक्षरं: सुरक्षा हीच आमची संस्कृती.
तो हसरा माणूस अजून कामावर आहे काय,
मी विचारलं.
तिकडं कुणीतरी चहा ढवळत होतं
तेवढं ऐकू आलं.

लॅडलमधनं उडालेला एक थेंब.
डावा कान, आणि त्याच्या वरचं थोडं.
हे मला कारखान्याबाहेरच्या वडेवाल्यानं सांगितलं,
पुडी बांधता बांधता.

कोर्टासमोर वकील कडोलकरांनी कागद उलटासुलटा पाहिला.
सही आहे. तारीख आहे. साक्षीदार म्हणून तुम्हीच आहात.
सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात.
तुम्ही बिनघोर आहात, म्हणाले,
आणि फी घेतली नाही.
घेतली असती तर बरं झालं असतं.

रात्री बसून तो कागद मराठीत उतरवला.
‘विश्व’ या शब्दापाशी पेन अडलं.
सकाळी मच्छेला गेलो.

भरमा पायरीवर बसून
मुलीच्या सायकलची चेन लावत होता.
मी कागद वाचला, सगळा,
माझ्या नावासकट.
तो उजवा कान माझ्याकडं करून ऐकत होता.
विश्वात म्हणजे कुठवर ओ? कोल्हापूरपर्यंत?
त्याच्याही पुढं, म्हणालो.
म्हणजे पुण्याला पण.
हो.
मुलगी हसली. तो हसला नाही.

फोनवर त्याला ते चौदाव्या सेकंदाचं दाखवलं.
अंगठा काळा, ग्रीसचा, तसाच काचेवर ठेवून
तो परत परत मागं नेत राहिला.
बसू मदुमगा म्हणाला होता, बघा,
हेल्मेट घातल्यावर. कानडीत. नवरदेव.
बाशिंग बांधलंय म्हणाला, आता वरात कुठं.
त्याला हसलो मी.
हसणं खरं आहे माझं.

मी म्हणालो, तुम्ही नको म्हणा,
मी काढून टाकतो. पैसे गेले तर जाऊ देत.
साहेबांशी काय बोलायचं ते मी बोलतो.

तो चेन फिरवून बघत होता.
दात एकेक करून बसले, चाक फिरलं,
मुलीनं सायकल हातात घेतली.

हसणं राहू दे, तो म्हणाला,
हेल्मेट तेवढं
काढायला येतंय काय बघा की.